तीन मात्रांच्या गावाला

शोपाँच्या पोलिश नाचांवर बेतलेल्या मझुर्का कागदावर सोप्या दिसतात. बहुतेक दोन-चार पानांच्या. त्याच्या एत्यूदमध्ये बोटांची लागते तशी कसोटी इथं लागत नाही, पोलोनेझमधले सप्तकांचे घणाघात नाहीत. त्यामुळे आपल्याकडे पियानो शिकायला लागून चार-पाच वर्षं झालेल्या मुलांसमोर एखादी मझुर्का निःशंकपणे ठेवली जाते. आणि वॉर्सातल्या शोपाँ स्पर्धेत, जिथं जगभरातले तयार पियानोवादक उतरतात, तिथं मात्र मझुर्कांसाठी पोलिश रेडिओचं वेगळं पारितोषिक असतं. बाकी सगळं उत्तम वाजवणारा इथं मागं पडू शकतो. १९५५ मध्ये हे पारितोषिक चीनच्या फू त्सुंगला मिळालं, १९६५ मध्ये अर्जेंटिनाच्या मार्था आर्गेरिचला. म्हणजे मझुर्केचा ठेका रक्तातूनच यावा लागतो असं नाही. तो बाहेरच्या माणसाला शिकता येतो. तो कुठून आणि कसा शिकायचा, हे पाहायला मी एप्रिलच्या अखेरीला वॉर्सात उतरले.

ज्यांच्याकडे शिकायचं होतं त्या बाई शहराच्या उत्तर भागात, झोलिबोझमध्ये राहतात. ऐंशीच्या घरात वय, ताठ बसणं, हलका आवाज. आयुष्यभर त्यांनी पियानो शिकवला आहे. मी शोपाँची वही घेऊन गेले होते. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि मिटून खिडकीत ठेवली. मग त्यांनी मला जेवणाच्या टेबलाभोवती चालायला सांगितलं. ए मायनरमधली ओपस ६८ क्रमांक २ ही मझुर्का तोंडानं गात चालायचं. पियानो शेजारीच होता, झाकण लावलेला.

चालता चालता त्या बोलत होत्या. पोलंडच्या मध्यभागातल्या मैदानी मुलखात, माझोव्शे आणि कुयावी या प्रांतांत, तीन मात्रांचे नाच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यातले तीन शोपाँच्या मझुर्कांत पुन्हा पुन्हा भेटतात. माझुर हा तडफदार. त्यात पाय आपटणं, टाचेला टाच वाजवणं, मान वर ठेवून धावणं. कुयाव्याक संथ, गाण्यासारखा, लांबवता येणारा. आणि ओबेरेक सगळ्यांत वेगवान, गिरक्यांचा. शोपाँ एका मझुर्केत एकच नाच ठेवतो असं नाही. आठ ओळी कुयाव्याकच्या, मग अचानक ओबेरेक, पुन्हा कुयाव्याक. वाजवणाऱ्याला ही वळणं अंगानं कळली नाहीत, तर सगळं मिळून एक गोडसर वॉल्ट्झ होतो. बाईंना या ‘गोडसर वॉल्ट्झ’चा मनापासून राग आहे. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमध्ये दुसरी मात्रा थोडी आधी येते आणि गाडी पुढं सरकत राहते. मझुर्केत वजन दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर जाऊन बसतं, आणि ते पुढच्या ओळीत जागा बदलतं.

त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पियानोवादकांच्या जगात त्या प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या तोंडून ऐकताना त्या काल घडल्यासारख्या वाटत होत्या. शोपाँचा विद्यार्थी विल्हेल्म फोन लेंझ एकदा त्याच्यासमोर ओपस ३३ मधली सी मेजर मझुर्का वाजवत होता. तेवढ्यात संगीतकार मायरबेर आला, ऐकत बसला आणि म्हणाला की ही तर दोन मात्रांची रचना आहे. शोपाँनं लेंझला ती पुन्हा वाजवायला लावली, स्वतः पेन्सिलीनं मात्रा मोजून दाखवल्या. मायरबेर हटेना. शेवटी शोपाँ स्वतः पियानोवर बसला, पाय आपटत, मोठ्यानं तीन मोजत वाजवू लागला. तरी मायरबेरला दोनच ऐकू येत होते, आणि दोघं रागारागात वेगळे झाले. दुसरी गोष्ट चार्ल्स हाले या पियानोवादकाची. त्यानं शोपाँला सांगितलं की तुम्ही पहिल्या स्वरावर इतके थांबता की तीन मात्रांच्या चार होतात. शोपाँनं आधी नाकारलं. मग हालेनं त्याच्या वाजवण्याबरोबर स्पष्टपणे चार मोजून दाखवले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, हा आमच्या नाचाचा राष्ट्रीय स्वभाव आहे.

एकाच माणसाच्या वाजवण्यात एकाला दोन ऐकू येतात, दुसऱ्याला चार, आणि वाजवणारा शपथेवर तीन सांगतो. तिघंही कानाचे पक्के. “मग खरं कोण बोलत होतं?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “रादोमकडच्या गावात जा. नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघा. मग परत या, आपण पियानो उघडू.”

त्याआधी रविवारी मी झेलाझोवा वोलाला जाऊन आले. वॉर्साच्या पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटर. सोखाचेवपर्यंत रेल्वे, पुढं बस. १८१० मध्ये शोपाँ जिथं जन्मला ते बैठं पांढरं घर, भोवती मोठा बाग-परिसर, मधून वाहणारी उत्राता नदी. घराच्या आत पियानो वाजतो आणि श्रोते बाहेर झाडांखाली बसून ऐकतात. जागा सुंदर आहे, पोलिश माणसाच्या मनात तिला देवस्थानाची जागा आहे, आणि शोपाँवर प्रेम करणाऱ्यानं तिथं जावंच. पण मझुर्केचा ठेका शोधणाऱ्याला तिथं फारसं काही सापडत नाही. शोपाँ काही महिन्यांचा असतानाच ते कुटुंब वॉर्साला राहायला गेलं. गावाचं संगीत त्याच्या कानात पडलं ते सुट्टीत. १८२४ आणि १८२५ च्या उन्हाळ्यात तो शाफार्न्या या गावी मित्राच्या घरी राहिला, सुगीचे नाच पाहिले, गाणाऱ्या बायकांमागं हिंडला. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. विसाव्या वर्षी, नोव्हेंबर १८३० मध्ये, त्यानं देश सोडला तो कायमचा. १८४९ मध्ये पॅरिसमध्ये मरेपर्यंत तो मझुर्का लिहीत राहिला, पन्नासहून अधिक. इतक्या अंतरावरून, इतक्या वर्षांनी, त्याला पायांचा तो आवाज नेमका आठवत होता. मला हे फार मोठं वाटतं.

रादोमची गाडी वॉर्साच्या दक्षिणेला निघाली की थोड्याच वेळात सफरचंदांचा मुलूख लागतो. झाडं नुकतीच फुलायला लागली होती. बुटकी, ओळीत लावलेली, मैलोन्‌मैल. जमीन सपाट, माती फिकट, क्षितिजावर पाइनच्या रांगा. रादोमहून बस पकडून मी आधी प्शिसुखाला गेले, कारण तिथं ऑस्कर कोलबेर्गचं संग्रहालय आहे. कोलबेर्ग १८१४ मध्ये या गावी जन्मला आणि वॉर्सात वाढला. त्याचं कुटुंब शोपाँ मंडळींच्या शेजारी राहायचं. तोही पियानो शिकलेला. पुढं त्यानं गावोगाव फिरून हजारो गाणी, नाच, चालीरीती टिपून घेतल्या आणि ‘लूद’ या नावाखाली खंडामागून खंड काढले. सुरुवातीला त्यानं लोकगीतं पियानोच्या साथीसकट छापली होती. १८४७ मध्ये शोपाँनं घरच्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांबद्दल नाराजी कळवली: हेतू चांगला, पण हे ओझं पेलणारे खांदे नाहीत. नंतर कोलबेर्गनं साथ सोडून दिली आणि नुसती धून छापू लागला. संग्रहालयात त्याच्या नोंदी पाहताना मला वाटलं, शोपाँचं म्हणणं बरोबर होतं आणि कोलबेर्गचा पुढचा निर्णयही बरोबर होता. गावच्या धुनेवर शहरी साथ चढवली की ती पांगळी होते. शोपाँनं ती चढवलीच नाही. त्यानं धूनही स्वतःची रचली आणि तिच्याखाली गावची जमीन आणून घातली.

नाच संध्याकाळी होता, पलीकडच्या एका खेड्यात. पोलंडच्या खेड्यांत स्वयंसेवी अग्निशमन दल असतं. खाली बंब, शेजारी मोठं सभागृह. लग्नं, बारशी, नाच सगळं तिथंच. भिंतीला लागून बाकं, एका टेबलावर लोणच्याच्या काकड्या, पाव, सफरचंदाचा केक. कोपऱ्यात तीन खुर्च्यांवर वाद्यवृंद: एक व्हायोलिन, एक बासी, एक डफासारखा झांजा लावलेला ढोल. बासी म्हणजे चेलोच्या आकाराचं, ओबडधोबड घडवलेलं वाद्य. जुन्या पद्धतीत त्याच्या तारा बोटानं दाबत नाहीत, मोकळ्याच घासतात. म्हणजे वरची धून कुठंही जावो, खाली तेच दोन स्वर वाजत राहतात. षड्ज आणि पंचम. आपल्या कानाला हे ऐकताच घरी आल्यासारखं वाटतं. आणि व्हायोलिनवाला त्यावर शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम लावत होता, निवांतपणे, त्यात काही वेगळं करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

एक उंच म्हातारा गृहस्थ नाचता नाचता वाद्यवृंदासमोर येऊन थांबला. पाय रोवून उभा राहिला आणि दोन ओळी गायला, खड्या आवाजात. व्हायोलिनवाल्यानं ऐकून घेतलं आणि तीच धून उचलली. म्हातारा वळला, जोडीदारणीला धरून फिरू लागला. इथं हीच रीत आहे. ज्याला जी धून हवी ती त्यानं गाऊन मागायची. पूर्वी गाणारा बासीच्या पोटात नाणं टाकायचा. वादकानं ती धून कागदावरून घ्यायची नसते, गाणाऱ्याच्या तोंडून घ्यायची असते. त्याचे श्वास, त्याच्या ओढलेल्या जागा, शब्दांचे आघात यांच्यासकट. पोलिश भाषेत आघात बहुतेक शब्दांच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. त्यामुळे ओळ सुरू होताना आखूड स्वर पटापट पडतात आणि वजन पुढं जाऊन बसतं. मझुर्केतला तो ओळखीचा नमुना, आधी आखूड आणि मग दोन भरीव, माझ्या कानासमोर गाण्यातून वाद्यात जात होता.

मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे पायांकडे बघत बसले. व्हायोलिनवालाही तेच करत होता. त्याची नजर तारांवर नव्हती, नाचणाऱ्यांच्या पायांवर होती. जोडी गिरकी घेऊन जड झाली की त्याचा गज एका स्वरावर रेंगाळायचा. जोडी सावरली की तो पुढच्या दोन मात्रा आवरून घ्यायचा. आवर्तन मोठं झालं नाही, लहानही झालं नाही. फक्त आतल्या तीन मात्रांनी आपापसांत वाटणी बदलली. हे मी तासभर पाहिलं आणि मला मायरबेर आणि हाले दोघंही कळले. पहिली मात्रा फुगली की उरलेल्या दोन मिळून एकीएवढ्या होतात, मग कानाला दोन ऐकू येतात. त्याच वाटणीत आखूड मात्रा एक धरून मोजलं की पहिलीच्याच दोन होतात, मग चार. पण नाचणारा माणूस पावलं तीनच टाकतो. शोपाँ पाय आपटून मोजत होता, कारण त्याचा पुरावा पायात होता.

मग एका आजींनी मला बाकावरून उठवलं. लाल गाल, डोक्याला रुमाल, मनगटांत ताकद. भाषा दोघींची वेगळी, पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी त्यांच्या खांद्यावर, तेवढं पुरलं. ओबेरेकमध्ये सगळ्या जोड्या सभागृहाला डावीकडून फेरी घालतात आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही फिरतात. एक गिरकी दोन आवर्तनांत पुरी होते, सहा पावलांत. लहानपणी फुगडी खेळताना मागं रेलून एकमेकींच्या वजनावर तोल धरायचो, तस्सं इथं धरावं लागतं. एकटीचा तोल उपयोगाचा नसतो. आणि तेव्हा समजलं की मझुर्केतला आघात म्हणजे ठोसा नाही. पहिल्या पावलाला गुडघा किंचित वाकतो, दुसऱ्याला अंग वर उचललं जातं, आणि ज्या मात्रेवर वजन आहे तिथं ते वरून खाली उतरतं. आघाताच्या आधी उचलणं असतं. वेळ त्या उचलण्यात जातो.

माझं लहानपण तबल्याच्या सोबतीनं गेलं. दादऱ्याच्या सहा मात्रा अंगात मुरलेल्या, तीन आणि तीन. पण दादऱ्यात सम पहिलीवर आणि खाली चौथीवर, ती जागा सोडत नाहीत. गाणारा त्यांच्याभोवती कितीही फिरला तरी शेवटी तिथंच येतो. ओबेरेकच्या सहा पावलांत वजन कधी तिसरीवर, कधी सहावीवर, कधी सगळ्यांनाच फाटा देऊन ओळीच्या शेवटी दोन खणखणीत आपटण्यांत. कुठं पडेल हे धून ठरवते. त्यामुळे कान सतत धुनेकडे ठेवावा लागतो, मोजून चालत नाही. रात्री उशिरापर्यंत आजींनी मला सोडलं नाही. वाद्यवृंदही थांबत नव्हता. धून संपली की पुन्हा पहिल्यापासून, नाचणारे थकेपर्यंत. शोपाँच्या ओपस ७ मधल्या पाचव्या मझुर्केला शेवटच नाही. पुन्हा मागं जा, अंत न करता, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. पुस्तकातून ती एक गंमत वाटते. त्या सभागृहात ती साधी वस्तुस्थिती होती.

वॉर्साला परतल्यावर बाईंनी पियानोचं झाकण उघडलं. आम्ही एफ मेजरमधली ओपस ६८ क्रमांक ३ घेतली. तिच्या मधल्या भागात डाव्या हाताला फक्त दोन स्वर आहेत, षड्ज-पंचम, आणि उजव्या हातात वर तीव्र मध्यम लावणारी बारीक धून. मला तो डावा हात आता बासी म्हणून ऐकू येत होता. बाईंनी त्यावर तपशिलानं काम करून घेतलं. दोन स्वर सारख्याच वजनाचे नकोत. गज जसा तारेवर बसतो आणि निसटतो तसं हवं. पेडल कमी. वरचे आखूड स्वर बोटांनी मोजून नको, जिभेनं उच्चारल्यासारखे. ओळ दुसऱ्यांदा आली की वजनाची जागा बदलायची, कारण कोणताही गावचा व्हायोलिनवाला तीच ओळ दोनदा तशीच वाजवत नाही.

मग ओपस २४ क्रमांक २. इथंही मधे तीव्र मध्यम येतो, पण आता नाच दुसरा. आणि शेवटी सी मेजरमधली ती भांडणाची मझुर्का. बाई उठून माझ्या मागं उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले. डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक आहे, त्यानं लय सोडायची नाही, हे शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचा. बाई ते शब्दांत सांगत नव्हत्या. पहिल्या मात्रेला त्यांचे तळवे जड व्हायचे, दुसऱ्या-तिसऱ्याला हलके. माझा डावा हात त्या वजनाबरोबर चालला आणि उजवा त्यावर गात राहिला. पहिल्या मात्रेवर थांबायचं ठरवून थांबलं की ते खोटं वाटतं. वजन तिथं असेल तर थांबणं आपोआप घडतं आणि आवर्तन आपलं आपण भरून निघतं. पुष्कळ नावाजलेली ध्वनिमुद्रणं मी त्यानंतर पुन्हा ऐकली. काहींत फार देखणी लवचीकता आहे, पण ती कोणत्याच पावलाची नाही. माझ्या मते ती शोपाँची मझुर्का नव्हे.

वॉर्सात हा गावचा ठेका पुन्हा जिवंत करण्याचं काम गेली तीसेक वर्षं चालू आहे. १९९० च्या दशकात काही तरुण माणसं रादोमकडच्या खेड्यांत जाऊन म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्यांच्या शेजारी बसली, त्यांच्याकडून धून आणि पावलं शिकली. शहरात नाचाची घरं सुरू झाली. यानुश प्रुसिनोव्स्की हा त्यांतला एक. तो स्वतः व्हायोलिन वाजवतो, आणि २०१० पासून ‘जगातल्या सगळ्या मझुर्का’ नावाचा महोत्सव वॉर्सात भरतो. गावचे वादक, शहरातली मुलं, पियानोवादक, सगळे एका छताखाली येतात. म्हाताऱ्या वादकांकडून हे शिकणं अगदी शेवटच्या क्षणी घडलं. त्या पिढीतले बरेच वादक आज हयात नाहीत.

निघण्याआधी मी वॉर्सातलं कोल्हापूर स्मारक पाहायला गेले. मी मूळची कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, बहुतेक बायका-मुलांना, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथं आसरा मिळाला. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. पोलंडमधून हद्दपार झालेली ती मुलं पंचगंगेच्या काठच्या हवेत पोलिश गाणी शिकली. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

महाराष्ट्रात पियानो शिकवणाऱ्या सर्वांना माझं एक सांगणं आहे. विद्यार्थ्याच्या समोर मझुर्का ठेवण्याआधी त्याला गावच्या व्हायोलिनवाल्यांची ध्वनिमुद्रणं ऐकवा. ती आज घरबसल्या मिळतात. त्याला ती धून गायला लावा. मग खोलीतलं टेबल भिंतीला सरकवा, त्याच्याबरोबर तीन पावलं टाका, पुन्हा पुन्हा टाका, दम लागेपर्यंत. बोटं त्यानंतर शिकवा.